गारांचा पंचनामा आणि गैरहजर शेतकरी

(पाटोदा येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



पाटोदा तालुक्यातील माणसाला दुष्काळ म्हणजे काय हे सांगण्याची गरज नाही. मांजरा नदी याच तालुक्यातील बालाघाटाच्या डोंगरात उगम पावते. विंचरणेचे पाणी सौताड्याच्या कड्यावरून खाली झेपावते. परंतु दोन्हींचे पाणी पुढच्या मुलखाला जाते आणि माथ्यावरचे हलके, मुरमाड रान कोरडे राहते. दुष्काळ सावकाश येतो. त्याची चाहूल महिनोन्‌महिने आधी लागते. गारपिटीचे तसे नाही. फाल्गुन-चैत्रातील एखाद्या दुपारी ढग चढतो, सोसाट्याचा वारा सुटतो, विजा कडाडतात आणि पंधरा-वीस मिनिटांत चार महिन्यांचे श्रम जमिनीवर आडवे होतात. त्यानंतर सायंकाळचे ऊन पडते आणि आभाळ असे स्वच्छ होते की जणू काही घडलेच नाही.

या वादळाचा दोष कोणा सरकारवर टाकता येणार नाही. प्रश्न त्याच्या दुसऱ्या दिवशी सुरू होतो. नुकसान कोण मोजतो, कशाने मोजतो, आणि त्या मोजदादीतून कोण निसटतो? हा प्रश्न वरकरणी कारकुनी वाटतो. वस्तुतः तो ग्रामीण समाजातील मालमत्तेच्या आणि श्रमाच्या संबंधांचा प्रश्न आहे.

वादळ कसे घडते

थंड देशांत वसंत ऋतूतील एकच वादळ एका टोकाला गडगडाट व झंझावात आणि दुसऱ्या टोकाला हिमवादळ घेऊन येते. आपल्या देशात हीच क्रिया लांबरुंद प्रदेशावर वाटली गेलेली दिसते. भूमध्य समुद्राच्या बाजूने येणारे पश्चिमी विक्षोभ हिमालयात बर्फ पाडतात. त्यांच्यासोबत वरच्या थरांतून सरकणारी थंड, कोरडी हवा कधी कधी दख्खनच्या पठारापर्यंत पोचते. त्याच वेळी खालची जमीन तापू लागलेली असते आणि बंगालच्या उपसागरावरून वा अरबी समुद्रावरून बाष्प आलेले असते. खाली उष्ण व दमट हवा, वर थंड हवा, अशी ही मांडणी अस्थिर असते. हवा वेगाने वर चढते, ढगांचे उंच मनोरे उभे राहतात. गोठणबिंदूच्या खाली जाऊनही द्रवरूप राहिलेले पाण्याचे थेंब हिमकणांवर थर देत जातात आणि वर चढणाऱ्या हवेला पेलवेनासे झाले की गार खाली येते.

या माऱ्याची ताकद क्षुल्लक नसते. ३० एप्रिल १८८८ रोजी उत्तर भारतात मुरादाबाद परिसरात झालेल्या गारपिटीत २४६ माणसे मेली. एका गारपिटीतील मनुष्यहानीची जगातील सर्वोच्च नोंद म्हणून जागतिक हवामान संघटना आजही हाच आकडा देते.

आपल्या विषयाच्या दृष्टीने गारपिटीचा एक विशेष ध्यानात ठेवला पाहिजे. तिचा पट्टा अरुंद असतो. एका शिवारात गारांचा खच पडतो आणि ओढ्यापलीकडच्या शिवारात नुसता शिडकावा होतो. पाऊस महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकावर मोजता येतो. गार ज्या रानात पडली त्या रानात जाऊनच पाहावी लागते.

२०१४ चा धडा

२०१४ साली फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत महाराष्ट्राच्या बहुतेक जिल्ह्यांना अवकाळी पाऊस आणि गारपीट यांनी झोडपले. मराठवाड्यातील शिवारे गारांनी पांढरी झाली. काढणीला आलेली शाळू ज्वारी, गहू, हरभरा, तसेच फळबागा यांचा लाखो हेक्टरांवर नाश झाला. लोकसभा निवडणुकीची आचारसंहिता ५ मार्चपासून लागू झालेली असल्याने मदतीचा निर्णयही निवडणूक आयोगाच्या परवानगीच्या वाटेने गेला. अखेर राज्य शासनाने सुमारे ४,००० कोटी रुपयांची मदत जाहीर केली. कोरडवाहूसाठी हेक्टरी १०,०००, बागायतीसाठी १५,००० आणि फळबागांसाठी २५,००० रुपये असे दर होते.

त्या वेळी केंद्राच्या निकषांप्रमाणे पिकाचे निम्म्याहून अधिक नुकसान झालेले असले तरच साह्य मिळे. २०१५ च्या वसंतात उत्तर भारतातही गारपिटीने गव्हाचे मोठे नुकसान झाले, तेव्हा ही मर्यादा ३३ टक्क्यांवर आणण्यात आली. ही सुधारणा स्वागतार्ह होती. मोजण्याचे माप मात्र तेच राहिले : हेक्टर.

२०२२-२३ ते २०२५-२६ या काळासाठी ठरलेल्या केंद्रीय निकषांत कोरडवाहू पिकासाठी हेक्टरी ८,५००, बागायतीसाठी १७,००० आणि बहुवार्षिक पिकांसाठी २२,५०० रुपये, तेही दोन हेक्टरांच्या मर्यादेत, असा दर होता. राज्याने काही वेळा स्वतःच्या तिजोरीतून त्यात भर घातली. तथापि मूळ दराने हिशेब करून पाहावा. दीड एकर म्हणजे सुमारे ०.६ हेक्टर. त्याचे सुमारे ५,१०० रुपये होतात. त्या दीड एकरात घरची वर्षाची भाकरी होती, आणि दोन जनावरांचा कडबाही होता.

कडब्याची गोष्ट मुद्दाम सांगितली पाहिजे. कोरडवाहू मुलखात शाळू हे दुहेरी पीक आहे. दाणा माणसाचा आणि ताट जनावराचे. भिजलेला दाणा काळा पडतो, त्याला बाजारात भाव येत नाही, पण तो दळून खाता तरी येतो. कुजलेला कडबा जनावर तोंडात धरत नाही. मार्चमध्ये कडबा गेला की उन्हाळ्याचे तीन महिने विकतच्या वैरणीवर काढावे लागतात, आणि ते न जमल्यास जनावर बाजार दाखवून पडेल त्या किमतीस विकावे लागते. हेक्टरी दरात या तीन महिन्यांचा हिशेब धरलेला नसतो.

दोन पंचांगे

आता मुख्य मुद्द्याकडे यावे. बीड जिल्ह्याचा डोंगरपट्टा हा ऊसतोड कामगारांचा पट्टा आहे. पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, धारूर, वडवणी, केज या तालुक्यांतील कुटुंबे खरिपाची सुगी आटोपतात, थोड्याशा रानात शाळू पेरतात, मुकादमाकडून उचल घेतात आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या साखर कारखान्यांकडे निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मागे राहतात म्हातारी माणसे आणि, हंगामी वसतिगृहाची सोय असल्यास, शाळेत जाणारी मुले. गाळप संपते ते मार्च-एप्रिलमध्ये. गारपिटीचा हंगाम नेमका तोच.

शासनाचेही एक पंचांग आहे. २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकऱ्याने स्वतःच्या रानात उभे राहून मोबाइलवर पिकाचे छायाचित्र घ्यावे आणि नोंद करावी, अशी ही पद्धत. रब्बीच्या नोंदीचा काळ साधारणतः डिसेंबर-जानेवारी. त्या दिवसांत पाटोद्याचा शेतकरी दुसऱ्याच्या उसात उभा असतो. राहिलेली नोंद गावपातळीवरील सहायकाने करावी अशी तरतूद आहे. पण ज्या घराला कुलूप आहे त्याच्या वतीने सहायकाचा पाठपुरावा कोण करणार?

पंतप्रधान पीक विमा योजना २०१६ च्या खरिपापासून आली. तिच्यात गारपिटीसारख्या स्थानिक आपत्तीत वैयक्तिक नुकसानीचा दावा करण्याची सोय होती. अट अशी की ७२ तासांच्या आत सूचना दिली पाहिजे. गारांचा मारा झाला हे तीनशे किलोमीटरवरच्या फडात कळायला एक दिवस, पिकाची स्थिती विचारायला दुसरा, आणि अर्जासाठी लागणारी कागदपत्रे गावी पेटीत. पुढे मदतीच्या वाटपातही तेच. २०२३ पासून रक्कम थेट बँक खात्यात जाऊ लागली, परंतु त्यासाठी यादीतील विशिष्ट क्रमांक घेऊन केंद्रावर आधार पडताळणीचा अंगठा द्यावा लागे. कोयता धरून रेषा झिजलेला अंगठा यंत्राने स्वीकारला तर ठीक.

यांपैकी कोणताही नियम दुष्ट हेतूने केलेला नाही. प्रत्येकामागे गैरव्यवहार रोखण्याचा वाजवी विचार आहे. परंतु सगळ्या नियमांनी एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, ती म्हणजे शेतकरी वर्षभर आपल्या शेतावर असतो. ज्याला असे राहणे परवडते तो शेतकरी सधन असतो. ज्याला परवडत नाही त्याची नोंद, त्याचा दावा आणि त्याचा पंचनामा, तिन्ही अर्धवट राहतात.

इतिहासाचा हा एक विपरीत न्याय म्हटला पाहिजे. १९५० साली हैदराबाद संस्थानच्या मुलखासाठी कूळकायदा झाला, तेव्हा चळवळीच्या भाषेत 'गैरहजर' हे विशेषण जमीनदाराला लावले जाई. जमीन त्याची, घाम दुसऱ्याचा, आणि तो शहरात. आज गैरहजर आहे तो दीड एकराचा धनी. तोही आपल्या जमिनीवर नाही, कारण ती जमीन त्याला पोसू शकत नाही. कारखान्याला त्याचा घाम वेळेवर हवा असतो म्हणून त्याच्या घरच्या पिकाची वेळ चुकते.

सातबाऱ्याबाहेरची माणसे

जो गैरहजर आहे त्याच्या नावावर निदान सातबारा तरी आहे. त्याच्याही खाली तीन थर आहेत.

पहिला थर बटाईदाराचा. कूळ लागण्याच्या भीतीने मालक लेखी करार करीत नाही. बी, खत आणि श्रम बटाईदाराचे, सातबारा मालकाचा. म्हणून मदत मालकाच्या खात्यात. दुसरा थर शेतमजुराचा. ज्वारीची काढणी, खुडणी आणि मळणी ही गावात राहिलेल्या मजूर स्त्रियांची महिना-दीड महिन्याची मिळकत असते, आणि ती बहुधा धान्याच्या रूपाने मिळते. पीक आडवे झाले की मालकाचे उत्पन्न बुडते, हे पंचनाम्यात येते. मजुराचे दिवस बुडतात, हे येत नाही. तिसरा थर मेंढपाळाचा. माळावर मेंढरे घेऊन उतरलेल्या माणसाला गारांपासून आसरा नसतो. निकषांत मेंढी-शेळीसाठी मदत आहे. पण मेंढरू मेले त्या ठिकाणी पशुवैद्यकीय दाखला वेळेत मिळवणे फिरत्या माणसाला सोपे नाही.

विजेचे हेच. देशात दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसे वीज पडून मरतात. उघड्या रानात कामावर असलेला माणूस त्यात सर्वांत आधी सापडतो. तरीही केंद्राच्या आपत्तींच्या यादीत दुष्काळ, पूर, गारपीट, ढगफुटी होती आणि वीज पडणे नव्हते. महाराष्ट्राने वीज पडणे आणि अवेळी पाऊस यांना राज्याच्या पातळीवर आपत्ती मानले, हे योग्यच झाले. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने 'दामिनी' हे विजेची पूर्वसूचना देणारे ॲप काढले, हेही मोलाचे आहे. परंतु सूचना मिळाल्यावर मजुराने काम टाकून आसरा घेतला तर त्याची त्या दिवसाची मजुरी कापली जाणार नाही, ही हमी ॲपला देता येत नाही.

विम्याचे गणित

गारपिटीला उत्तर म्हणून विम्याकडे बोट दाखवले जाते. या बाबतीत बीड जिल्ह्याचा अनुभव देशाला शिकवणारा आहे. येथील जोखीम जास्त म्हणून विमा कंपन्या निविदा भरीनात, तेव्हा २०२० च्या खरिपापासून सरकारी भारतीय कृषी विमा कंपनीमार्फत वेगळी रीत सुरू झाली. जमा हप्त्याच्या ११० टक्क्यांपर्यंतची भरपाई कंपनीने द्यावी, त्यावरची राज्याने सोसावी. आणि भरपाई कमी निघाल्यास कंपनीने २० टक्क्यांपर्यंत ठेवून उरलेली रक्कम राज्याला परत करावी. याला 'बीड पॅटर्न' हे नाव पडले आणि तो पुढे राज्यभर गेला. नफ्याला मर्यादा घालता येते आणि तरीही व्यवहार चालतो, हे येथे दिसले.

२०२३ मध्ये एक रुपयात विमा आला. बोगस अर्जांच्या तक्रारी वाढल्या आणि २०२५ च्या खरिपापासून ती सवलत गेली. तिच्याबरोबरच राज्याने स्थानिक आपत्तीचे संरक्षणही वगळून भरपाई पीक-कापणी प्रयोगावर आणली. येथे गारपिटीचा अरुंद पट्टा पुन्हा आठवावा. मंडळाची सरासरी बरी निघाली की ओढ्याअलीकडच्या झोडपलेल्या शिवाराला शून्य. बोगस अर्ज करणाऱ्यांवर कारवाई व्हावी, याबद्दल दुमत नाही. परंतु त्यांच्या अपराधासाठी खऱ्या गारपीटग्रस्ताचे दार बंद करणे हा न्याय नव्हे.

माणूस हे माप

महाराष्ट्राने एकदा वेगळा विचार करून दाखवला आहे. १९७२-७३ च्या दुष्काळात लाखो माणसे खडी फोडायला आणि तलावाची माती वाहायला आली. त्या अनुभवातून आणि चळवळींच्या रेट्यातून रोजगार हमी योजना उभी राहिली. १९७५ साली तिच्या खर्चासाठी शहरातल्या पगारदारांवर व्यवसाय कर बसला, १९७७ साली कायदा झाला, आणि २६ जानेवारी १९७९ पासून त्याचा अंमल सुरू झाला. त्या कायद्यापुढे काम मागणाऱ्याला सातबारा दाखवावा लागत नव्हता. अंमलबजावणीतील दोष पुष्कळ होते. तरीही माप बदलले होते. जमिनीऐवजी माणूस मोजला गेला.

दुष्काळातून राज्याला एक कायदा मिळाला. गारपिटीतून दर वेळी मिळते ते एक पॅकेज. पॅकेज ही कृपा असते. तिची रक्कम निवडणुकीच्या अंतरावर ठरते. हक्काची रक्कम आधी ठरलेली असते.

त्यासाठी कायदा नव्याने लिहायलाच हवा असेही नाही. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या बाराव्या कलमात आपत्तिग्रस्तांना द्यावयाच्या साह्याची किमान मानके सांगितली आहेत. त्यांत घरांच्या नुकसानीबरोबर उपजीविकेच्या साधनांची पुनःस्थापना हे शब्द आहेत. शेतीची मालकी ही उपजीविकेची एक वाट झाली. मजुरी, बटाई आणि मेंढपाळी याही वाटाच आहेत. केंद्रीय निकषांतही, ज्या कुटुंबांची उपजीविका गंभीररीत्या बाधित झाली त्यांना ठरावीक दिवस निर्वाह-साह्य देण्याची तरतूद आहे. गारपिटीनंतरच्या मोर्चांत मात्र घोषणा ऐकू येतात त्या हेक्टरी रकमेच्या. हा दोष शासनाइतकाच चळवळीचाही आहे.

यावर आक्षेप येईल की तलाठ्याकडे आधीच अनेक गावे, त्यात माणूस माणूस कसा मोजायचा? आक्षेप खरा आहे, आणि म्हणूनच कार्यकर्त्यांचे काम गारा पडण्यापूर्वी, दिवाळीपूर्वी सुरू झाले पाहिजे. गाडी भरून निघणाऱ्या प्रत्येक कुटुंबाची यादी गावात करावी : गट क्रमांक, पेरलेले पीक, खात्याची माहिती, कोणत्या कारखान्याकडे गेले आणि मागे जबाबदार माणूस कोण. ही यादी ग्रामसभेपुढे ठेवून ठराव घ्यावा, आणि त्या मागे राहिलेल्या माणसाला पीकनोंद व पंचनाम्याच्या वेळी ग्राह्य धरावे, अशी मागणी तहसीलदारांकडे लेखी करावी. बटाईदारांची व मजूर कुटुंबांची वेगळी यादी असावी. पंचनामा झाल्यावर तो ग्रामसभेत मोठ्याने वाचला जावा. त्यात कडबा, जनावरे आणि बुडालेले मजुरीचे दिवस यांचे रकाने असावेत. चारचौघांत वाचलेल्या यादीत खोटे नाव घुसवणे कठीण असते. बोगसपणाला यापेक्षा स्वस्त औषध नाही.

हा खर्च तिजोरीला पेलेल काय, असे अर्थशास्त्राचा अभ्यासक विचारील. त्याने दुसरी बाजूही मांडावी. ज्याचा शाळू गेला आणि मदत पोचली नाही, तो पुढच्या हंगामासाठी मुकादमाकडून अधिक उचल घेतो. अधिक उचल म्हणजे पुढच्या वर्षी अधिक दिवस फडात आणि कमी दिवस शेतावर. म्हणजे पुढच्या पंचनाम्यालाही तो गैरहजर. वीस मिनिटांच्या गारपिटीचे कर्ज असे वर्षानुवर्षे फिटत नाही, आणि ते फेडायला त्याच्या पाठोपाठ त्याची मुलेही उसात उतरतात. हा खर्च आजही होतोच आहे. तो अंदाजपत्रकात दिसत नाही, एवढेच.

येत्या दिवाळीला पाटोद्याच्या रस्त्यावरून पुन्हा गाड्या निघतील. भांडी, अंथरूण, चारदोन शेळ्या आणि तान्ही मुले घेऊन माणसे जातील. मागे त्यांच्या रानात शाळू वर येत असेल. त्या शाळूची नोंद कोणाकडे आहे, एवढा एक प्रश्न प्रत्येक गावच्या कार्यकर्त्याने त्या दिवशी स्वतःला विचारावा आणि त्याचे उत्तर कागदावर लिहून ठेवावे. फाल्गुनात आभाळ भरून आले की त्या कागदाची गरज लागणार आहे.